शिस्तीखालची भाकर

आई, आपल्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आलेत, वयानं माझ्या पोराएवढे. परवा उपासना झाल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं आणि विचारलं, "मावशी, दुसरीकडच्या काही मंडळ्यांत अजून माणसाला शिस्तीखाली ठेवतात. प्रभुभोजन बंद करतात, सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावतात. आपल्याकडं ते कधी बंद झालं? कुणी ठराव केला होता का?" मी म्हटलं, ठराव वगैरे काही नाही, माझ्या आईनं बंद केलं. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण माझ्या तोंडाकडं पाहून काय ते कळलं असावं, कारण म्हणाले, "मग येत्या पहिल्या रविवारी तुम्हीच सांगा. मला कृपेवरच बोलायचं होतं, त्याऐवजी तुम्ही बोला." मी हो म्हणून बसले. गंगापूरच्या गाडीवर कंडक्टर म्हणून इतकी वर्षं घसा फोडलाय, पुढे सरका, दारातून बाजूला व्हा. चार लोकांपुढे बोलायची भीती मला नाही. पण हे सुरू कुठून करायचं तेच सुचेना, म्हणून आधी तुला सांगून बघते. तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी मुळापासून सांगणार आहे, मध्ये बोलू नकोस.

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, आणि त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ तुझी. मुलींच्या होस्टेलातला स्वयंपाक उरकून तू घरी यायचीस, हातपाय धुवून डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल बांधायचीस आणि ताईला न् मला स्वयंपाकघरातून हाकलून लावायचीस. मनुके शहागंजातून आणलेले असायचे. तिथले दुकानदार चाचा तुला लांबून पाहिलं की म्हणायचे, "आओ बाई, पहला इतवार आ गया क्या?" आणि तुझ्यासाठी निवडून ठेवलेले मऊ काळे मनुके पुढे करायचे. ते भिजवून, उकळून, मलमलीच्या फडक्यातून गाळलेला रस म्हणजे आपला द्राक्षरस. आणि भाकर. पवित्र शास्त्रात भाकर लिहिलंय म्हणून सगळे भाकर म्हणायचे, पण ती असायची गव्हाची, बिनखमिराची जाड पोळी. चिमूटभर मीठ, जरासं तेल, कोमट पाणी. तू पीठ मळताना गीत गुणगुणायचीस, पोळी लाटून काट्यानं तिला टोचे द्यायचीस आणि मंद तव्यावर इतक्या धीरानं भाजायचीस की आम्हाला बाहेर बसून भूक लागायची. एक काळा डाग पडलेला तुला खपायचा नाही. थंड झाली की सुरीनं तिचे एकसारखे तुकडे पाडायचीस आणि उरलेल्या कडा आम्हाला चहाबरोबर मिळायच्या. त्या कडांसाठी मी आणि ताई भांडलेलो आहोत, एकमेकींचे केस ओढून.

आता मास्तर. त्यांच्याबद्दल रविवारी काय बोलायचं याचा मला घोर लागलाय. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आपल्या चर्चच्या कमिटीचे प्रमुख. पाळकसाहेब बदलत राहायचे, मास्तर तिथेच. तू लग्न होऊन खेड्यातून आलीस तेव्हा तुला अक्षर वाचता येत नव्हतं, ते त्यांनी संध्याकाळच्या वर्गात शिकवलं. पप्पा गेले तेव्हा होस्टेलातली नोकरी तुला त्यांच्याच शब्दावर मिळाली. रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्हालाही तेच शिकवायचे. "कृपा म्हणजे काय?" असं त्यांनी विचारलं की आम्ही पोरं एका सुरात म्हणायचो, लायकी नसताना मिळालेलं देवाचं प्रेम. एक शब्द इकडचा तिकडे झाला की छडी. कृपेची व्याख्या चुकली म्हणून मार खाल्लेली मी एकटी नाही, आमची सगळी पिढीच आहे. पण ते लबाड नव्हते. जे दुसऱ्याला सांगायचे ते स्वतः पाळायचे, म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मी कॉलेजात असताना ताईनं लग्न ठरवलं. मुलगा बिडकीनचा, बौद्ध, शांत स्वभावाचा, तिच्याबरोबर एकाच कंपनीत कामाला. लग्न रजिस्टर झालं आणि नंतर त्यांच्या वस्तीतल्या विहारात छोटासा समारंभ झाला. चर्चमधल्या बायांनी तुला आधीच सांगून ठेवलं होतं, लग्न झालं तर झालं, तू तेवढी जाऊ नकोस, नाहीतर प्रकरण होईल. तू ऐकून घेतलंस आणि त्या दिवशी सकाळी तुझी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसलीस. मला म्हणालीस, "चल, पोरीचं लगीन हाय." तिथं त्या लोकांनी तुला पुढच्या सतरंजीवर बसवलं. सगळं आटोपल्यावर ताईच्या सासूबाई तुझा हात धरून म्हणाल्या, "इहीणबाई, तुमची बी प्रार्थना होऊ द्या. लेकीला आशीर्वाद लागतोच की." तू डोळे मिटलेस, दोघांच्या डोक्यावर हात ठेवलेस आणि तुझी नेहमीची प्रार्थना केलीस, मोठ्यानं. संपताना तू आमेन म्हणालीस तेव्हा त्यांच्यातल्या दोन-चार म्हाताऱ्याही आमेन म्हणाल्या. मला तेव्हाच तुझा इतका अभिमान वाटला होता की रडूच आलं.

चर्चमध्ये बातमी पोचली ती उलटी होऊन. तू तिथं मूर्तीपुढं हात जोडलेस, वाकलीस, काय काय. पाळकसाहेबांच्या खोलीत कमिटी बसली आणि तुला बोलावलं. मी तुझ्यामागे उभी. मास्तरांनी तुझ्याकडं न बघताच सांगितलं की मुलीनं केलं ते तिच्यापाशी, पण आईनं जाऊन त्याला मान दिला, तेव्हा रविवारी मंडळीपुढं उभं राहून दोन वाक्यं म्हणायची: माझी चूक झाली, मला क्षमा करा. तेवढं म्हटलं की विषय संपला. तोपर्यंत प्रभुभोजन बंद. मला वाटलं तू आता खरं काय झालं ते सांगशील, वाकले नाही म्हणशील. ते तू काही सांगितलं नाहीस. म्हणालीस, "मास्तर, पोरीच्या लग्नाला गेले ती चूक नाय. जी चूक नाय तिला देवाच्या घरात उभं राहून चूक म्हणू? ते खोटं व्हईल. खोटं बोलून त्याच्या मेजावर कशी बसू?" मास्तर म्हणाले, "मग बसू नकोस." तू पदर सावरलास, सगळ्यांना सलाम केलास आणि बाहेर पडलीस.

दुसरी कुणी असती तर चर्च सोडलं असतं. शहरात काय कमी चर्चेस आहेत? तू दर रविवारी जात राहिलीस. फक्त आपला पुढचा बाक सोडून सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ, भिंतीला टेकून बसायला लागलीस. शिस्तीखालची माणसं तिथंच बसायची. दारूसाठी ठेवलेला एक जण होता, पहिली बायको असताना दुसरी केलेला एक होता, ते असले तर असायचे, नसले तर तू एकटी. पहिल्या रविवारी लोक एकेका बाकावरून उठून पुढं कठड्याशी गुडघे टेकायचे आणि तू गीताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहायचीस. मी पण उठायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच वेळी तू मला कोपरानं ढोसलंस. "ऊठ की." मी म्हटलं, तू नाही तर मी पण नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी लहानपणी दूध सांडलं होतं तेव्हाही बघितलं नव्हतंस. "माझ्यासाठी उपाशी बसू नको. मेज मास्तराचं नाय, प्रभूचं हाय. तुला बोलावलंय तर जा." मी गेले, रडत गेले, आणि तो तुकडा माझ्या घशाखाली उतरेना.

त्या वेळी भाकर दुसऱ्याच बाईंनी केली होती. शिस्तीखालच्या बाईच्या हातची कशी घ्यायची म्हणून महिला मंडळानं ते काम त्यांना दिलं होतं. आई, ती भाकर तू चाखली नाहीस हे एका अर्थी बरंच झालं. चामडं होतं. शेवटचं गीत सुरू झालं तरी लोक चावत होते, आणि तेव्हाचे पाळकसाहेब आशीर्वाद द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांचाही गाल फुगलेला होता. महिनाभरानं मास्तरांचा निरोप आला की भाकर पहिल्यासारखी आपल्याकडूनच यावी. मी तर पेटलेच. म्हटलं, खायला तू चालत नाहीस आणि करायला चालतेस? असल्या लोकांसाठी तू पीठ मळणार? तू परात काढत होतीस. म्हणालीस, "शिस्त माझ्या तोंडाला लावलीय, हाताला नाय." आणि हसलीस. मी म्हटलं, मग मी त्या पिठात मूठभर मीठ घालते, कळू दे सगळ्यांना. तुझं हसू गेलं. "लोकांच्या तोंडातली भाकर खारट करून तुझी बहीण गोड व्हणार हाय का? जा, मनुके गाळ." मी मुकाट्यानं मनुके गाळायला बसले.

तर अशी तू दर महिन्याला भाकर करत राहिलीस, झाकलेलं ताट नेऊन पाळकसाहेबांच्या खोलीत ठेवत राहिलीस आणि मागच्या बाकावर जाऊन बसत राहिलीस. घरी कडा पडायच्या, त्याही तू खायचं सोडलंस. मी म्हणायचे, अगं, ही अजून नुसती पोळी आहे, हिच्यावर कुणी प्रार्थना केलेली नाही. तू म्हणायचीस, भूक नाही. एकदा तू भाजता भाजता तव्याकडं बघत नुसती उभी राहिलीस, इतका वेळ की पोळीला डाग पडला, आणि मग ती बाजूला टाकून तू दुसरी लाटायला घेतलीस. तेवढाच एक दिवस मला कळलं की तुला किती लागत होतं. तू कुणाकडं तक्रार केली नाहीस, म्हणून लोकांना वाटायचं तुझं बरं चाललंय. वर्षं गेली. ताईला मुलगा झाला, तो चालायला लागला, आणि तू मागच्या बाकावरच.

मग मास्तरांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. आम्ही पोरींनी आपसात चेष्टाही केली, छडीचा हात गेला म्हणून. एका पहिल्या रविवारी ते कठड्याशी गुडघे टेकून बसले, इवलासा ग्लास हातात घेतला आणि सगळा रस कठड्यावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर सांडला. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. पुढच्या महिन्यात ते पुढं आलेच नाहीत. काठी टेकत मागच्या बाकावर आले, पलीकडच्या टोकाला बसले आणि तुझ्याकडं बघितलं नाही. ज्यांना पुढं येणं जमत नाही त्यांच्यासाठी पाळकसाहेब शेवटी ताट घेऊन जागेवर यायचे, तसे आले. मास्तरांनी तुकडा उचलला आणि तो खाली पडला. दुसरा उचलला, तोही पडला. पाळकसाहेबांच्या दोन्ही हातांत ताट. सगळं चर्च माना वळवून बघतंय. आणि तू बाकावरून सरकत सरकत त्यांच्याशेजारी गेलीस, ताटातला तुकडा उचललास आणि त्यांच्या तोंडाशी नेलास. "मास्तर, आ करा," म्हणालीस, होस्टेलातल्या आजारी पोरीला म्हणावं तसं. त्यांनी आ केला. मग तू ग्लास त्यांच्या ओठांना लावलास, हनुवटीवर आलेला थेंब पदरानं पुसलास आणि परत आपल्या जागी सरकलीस. पाळकसाहेब ताट घेऊन तुझ्यापुढून निघून गेले.

घरी येताना मी तुला नाही नाही ते बोलले. वाटेतली माणसं बघत होती तरी थांबले नाही. ज्या माणसानं तुझ्या तोंडचा घास काढला त्याला तू घास भरवतेस, तुला काही मान आहे का नाही? तू रस्त्याच्या कडेनं आपल्या चालीनं चालत होतीस. म्हणालीस, "हात थरथरतो गं माणसाचा." मी म्हटलं, थरथरू दे. तेव्हा तू थांबलीस. "तुला म्हाईत हाय का, मला वाचाय येत नव्हतं तवा ते एकेका शब्दाखाली बोट धरायचे. कृपा हा शब्द मी पयल्यांदा वाचला तो त्यांच्या बोटाखाली. तेच बोट हाय ते. मी ते थरथरताना बघत बसू व्हय?" पण तेवढ्यानं माझा राग कमी झाला असं समजू नकोस. मी त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही.

त्यानंतर दर पहिल्या रविवारी तेच. ते पलीकडच्या टोकाला बसायचे, ताट आलं की तू सरकायचीस, भरवायचीस, पुसायचीस, परत यायचीस. तूच केलेली भाकर, तूच केलेला रस, तुझाच हात, आणि तुझं तोंड बंद. लोक पहिल्यांदा टक लावून बघायचे, मग खाली बघायला लागले. एक म्हातारी तर तेव्हा रुमालात तोंड घालून बसायची. मास्तर तुझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. नुसतं तोंड उघडायचे. मला वाटायचं, या माणसाला लाज कशी नाही.

आणि मग तो रविवार. पाळकसाहेब ताट घेऊन आले, तू सरकलीस, तुकडा उचलून त्यांच्या तोंडाशी नेलास, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. तुला वाटलं त्यांचं लक्ष नाही. "मास्तर, आ करा." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आधी तू." पेटीवर गीत वाजत होतं ते थांबलं. तू म्हणालीस, "माझं बंद हाय ना, मास्तर. तुमाला ठावं हाय." ते परत म्हणाले, "आधी तू घे." मग तू सरळ बसलीस, तो तुकडा चिमटीत तसाच धरून, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मी माफी मागणार नाय, मास्तर." मी पलीकडच्या रांगेत उभी होते. मला वाटलं झालं, आता हे म्हणतील मग राहू दे. मास्तर म्हणाले, "मागतंय कोण?"

पाळकसाहेब गोंधळले. त्यांनी पुढं कमिटीच्या बाकाकडं पाहिलं. तिथं एक जण अर्धवट उठलाही. मास्तरांनी काठी आपटली, शाळेत टेबलावर छडी आपटायचे तशी, आणि म्हणाले, "तिकडं बघू नका. नियम मी केला होता. हिनं घेतल्याशिवाय मी घेणार नाही. मग दोघंही उपाशी घरी जाऊ." त्यांचा आवाजही हातासारखाच थरथरत होता. उठलेला माणूस खाली बसला. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हणायला सुरुवात केली, पण त्यांना ते धड म्हणता येईनात, म्हणून पेटीवाल्या बाईंनी पुढचे म्हटले, मग कुणीतरी आणखी, आणि शेवटचे शब्द सगळ्या मंडळीनं मिळून म्हटले. आणि तू तो तुकडा खाल्लास. डोळे उघडे ठेवून, सावकाश. रस घेतलास. मग दुसरा तुकडा उचललास आणि मास्तरांना म्हणालीस, "आता करा आ."

बाहेर आल्यावर काही झालं नाही. कुणी तुला मिठी मारली नाही, कुणी भाषण केलं नाही. रोजच्यासारखं सलाम, सलाम, आणि तू चपला शोधत होतीस. मी वाट बघत होते की तू काहीतरी बोलशील, इतक्या वर्षांनंतर काही तरी. अर्ध्या रस्त्यात तू म्हणालीस, "मीठ लई कमी पडतंय गं भाकरीला. इतकं दिस लोकं अशीच खात व्हती? कुणी बोललं कसं नाय?" मी रस्त्यातच हसत सुटले, आणि हसता हसता मला रडू आलं. तू म्हणालीस, चल, डाळ टाकायचीय.

पुढच्या पहिल्या रविवारी मागच्या बाकावरून दारूवाला उठला आणि पुढं कठड्याशी जाऊन गुडघे टेकून बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पाळकसाहेबांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि ताट पुढं केलं. त्यानंतर त्याची दारू लगेच सुटली असं मी सांगणार नाही, सुटायला लई वर्षं लागली, मधे तो दोनदा गटारात पडला. पण दर वेळी तो पुढं आला आणि दर वेळी त्याला मिळालं, आणि शेवटी सुटली. दोन बायकांवाला मात्र मागेच बसून राहिला आणि काही महिन्यांनी यायचाच बंद झाला. सगळंच गोड झालं असं नाही. पण त्यानंतर आपल्या चर्चमध्ये कुणाला उभं करून वाक्यं वदवून घेतली नाहीत. कुणी बंद करा म्हटलं नाही, कुणी हात वर केले नाहीत. त्या दिवसानंतर कुणाला तसं करायचं धाडसच झालं नाही. तू गेलीस तेव्हा तुझ्या पेटीला खांदा द्यायला एका बाजूला ताईचा नवरा होता आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांचा मुलगा. मी मागून चालत होते आणि मान ताठ होती माझी. आजही कुणी विचारलं, तुम्ही कुणाच्या, तर मी सांगते, भाकरवाल्या बाईची धाकटी.

माझ्या गाडीत कधी कधी एखादी बाई पोराला घेऊन चढते, पिशव्या, गाठोडी, आणि बसायला जागा नसते. कुणीतरी उठतं. तिनं मागितलेलं नसतं, तिचा काही हक्क नसतो, तरी उठतं, आणि मग सगळी गाडीच जरा सरकून घेते. मी तेव्हा तिकिटं फाडता फाडता तुझी आठवण काढते. लहानपणी पाठ केलेली व्याख्या अजून तोंडपाठ आहे, पण आता तिचा अर्थ विचारला तर मी तुझा तो मागचा बाक सांगते. कृपा आली की ती आधी कुणाला नियम सोडायला लावत नाही. ती तोंड उघडायला लावते, मग बाकीचं होतं. हे मी रविवारी बोलणार आहे. हे मला येतं.

जे येत नाही ते वेगळंच आहे. मी मनात सगळं भाषण तयार केलंय आणि त्यात मास्तर कडक, तू मऊ. मास्तर चुकलेले, तू बरोबर. ऐकणाऱ्यांना बरं वाटेल असं. इतकी वर्षं मी हे असंच सांगत आलेय, ताईच्या मुलाला, माझ्या मुलाला, डेपोतल्या बायांना. पण आज हे तुला लिहिताना काठीचा आवाज आला मला, आणि तो थरथरणारा गळा. तू जे केलंस ते तुझ्या स्वभावातच होतं, आई. तुला कुणाला उपाशी ठेवणं जमायचंच नाही. त्यांना मात्र सगळ्या जन्माची सवय सगळ्यांसमोर मोडावी लागली, ज्यांना त्यांनी छड्या मारल्या होत्या त्या सगळ्यांसमोर, आणि तीही तुझ्याच हातून खात असताना. मी त्यांना सलाम करायची बंद झाले होते, ते जाईपर्यंत केला नाही. त्यांच्या मातीला गेले तीही तू ओढून नेलंस म्हणून.

हे पत्र मी तुझ्या पवित्र शास्त्रात वगैरे ठेवणार नाही, फाडून टाकीन, कारण ते घरात कुणाच्या हाती लागलेलं मला नको आहे. पण एकदा तरी कुठंतरी लिहून ठेवायचं होतं. मला तुझा अभिमान आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला मास्तरांचाही अभिमान वाटतो, आई. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि रविवारी सांगता येईल की नाही, मला माहीत नाही.